क्लिव्हडनचा घड्याळी मनोरा

टेम्सकाठी, बकिंगहॅमशायर परगण्यात, चार्ल्स बॅरीने १८५१ साली नव्याने रचलेल्या क्लिव्हडन प्रासादाशेजारी जो शंभर फुटी मनोरा उभा आहे, तो १८६१ साली हेन्री क्लटन या वास्तुकाराने बांधला. आणि चारी दिशांना सोनेरी चौकटींतील तबकड्या मिरविणाऱ्या, रोमन सिमेंटचा गिलावा ल्यालेल्या या डौलदार वास्तूच्या पोटात पाण्याची टाकी असून प्रासादास अद्यापही येथूनच पाणीपुरवठा होतो, हे विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे.

पॅरिसच्या बास्तीय चौकातील स्तंभावर विराजणारी ओग्युस्तँ ड्युमाँची स्वातंत्र्याची पंखधारी पुरुषमूर्ती, तिचीच प्रतिकृती या मनोऱ्याच्याही माथ्यावर होती. १९५० नंतरच्या दशकात ती वादळाने कोसळली आणि अर्धशतकाहून अधिक काळ ते शिखर रितेच राहिले. १९४२ पासून या मिळकतीची जबाबदारी वाहणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या अमदानीत, सेम्यूर-आँ-ओक्झ्वा येथील संग्रहालयात जतन झालेल्या ड्युमाँच्या मूळ नमुन्यावरून ब्राँझची नवी मूर्ती ओतविण्यात आली. अंदाजाने अवयव घडविण्यापेक्षा मूळ रूपाचा असा शोध घेणे हीच जीर्णोद्धारातील खरी निष्ठा, असे मी मानतो. सुवर्णवर्खाने मढविलेली ती मूर्ती, उजव्या हाती मशाल आणि डाव्या हाती भग्न शृंखला घेऊन, २०१२ च्या वसंतात पुन्हा स्थानापन्न झाली.