खेळाचें मुखचित्र

जुन्या पोथीला मुखपृष्ठ नसे. दोन फळ्यांमध्यें पानें, वर तांबडें बासन आणि आंत पहिल्याच ओळींत गणेशाला नमन, एवढाच तिचा थाट. ती गुरूनें शिष्याला द्यावयाची असे. आंत काय आहे हें देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक असे. पुढें पुस्तकें छापून दुकानाच्या फळीवर येऊन बसलीं, अनोळखी ग्रंथाची अनोळखी वाचकाशीं गांठ पडूं लागली, आणि मग ग्रंथाला चेहरा लागला. हा चेहरा कसा असावा, हाच प्रश्न परवां आमच्या घरांत एका निराळ्याच वस्तूसंबंधीं उपस्थित झाला आणि त्यानें घरांतील माणसांचे दोन पक्ष पाडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू नोकरी सोडून अडीच वर्षें दोन मित्रांसह संगणकावरील एक साहसखेळ रचीत आहे. या जातीच्या खेळांत मारामारी बहुधा मुख्य नसते. खेळणारा एका कथेंत शिरतो, ठिकठिकाणीं हिंडतो, भेटेल त्या माणसाशीं बोलतो, कोडीं सोडवितो. अमेरिकेंत विल क्राउथर या गृहस्थानें १९७६ च्या सुमारास केवळ शब्दांनीं एका गुहेचा संचार घडविणारा असा खेळ रचला. त्याच्याच 'अॅडव्हेंचर' या नांवावरून या कुळाला नांव पडलें. आमच्या मुलाच्या खेळांत कोंकणांतील एका खाडीपलीकडे ओस पडलेलें गांव आहे, आणि वर्षानुवर्षें न पोंचलेलीं पत्रें होडीनें तेथें नेऊन देणारी एक मुलगी आहे. पाठीशीं मोठी कंपनी नाहीं. आहे ती घरचीच पुंजी. खेळ तयार होत आला आणि मुखचित्रापाशीं गाडें अडलें.

या मुखचित्रांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९८० सालीं रोबर्टा व केन विल्यम्स या दांपत्यानें 'मिस्टरी हाऊस' हा चित्रमय साहसखेळ काढला, तेव्हां तो एका साध्या प्लास्टिकच्या पिशवींत, छापील कागदासह विकला जाई. पुढें रंगीत खोके आले. १९९० सालच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळाच्या खोक्यावरील चित्र स्टीव्ह पर्सेल यानें रंगविलें. आंतील चित्रें त्या काळच्या यंत्रांमुळें ओबडधोबड असलीं तरी वरील चित्र पाहून गिऱ्हाइकाची कल्पनाशक्ति जागी होई. खोका हातांत घेतां येई, उलटून मागचा मजकूर वाचतां येई, दुकानदाराला दोन प्रश्न विचारतां येत.

आतां तें सुख नाहीं. संगणकखेळांचें फार मोठें दुकान म्हणजे अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें २००३ सालीं उघडलेलें 'स्टीम'. २०२४ या एकाच वर्षांत त्या दुकानांत १८,०००हून अधिक नवे खेळ आले. तेथील याद्यांमध्यें खेळाचें चित्र लहान होत होत १२० ठिपके रुंद व ४५ ठिपके उंच एवढेंच उरतें. पोस्टाच्या तिकिटाशीं त्याची तुलना केली तर तिकिटाचाच गौरव होईल. अडीच वर्षांच्या श्रमांची परीक्षा त्या तिकिटावर, क्षणार्धांत व्हावयाची. आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, शास्त्रकार त्यालाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. भेद इतकाच कीं, येथें शीत कोणतें द्यावयाचें हें रांधणाऱ्याच्याच हातीं असतें.

मुलानें मोठ्या हौसेनें पहिलें चित्र दाखविलें. त्यांत खाडी होती, देऊळ होतें, माडाचें बन होतें, वाघ होता, कथेंतील सातही पात्रें होतीं आणि वर सोनेरी नक्षीचें नांव होतें. मोठ्या पडद्यावर तें सुरेख दिसलें. मग त्यानें तें फोनवर लहान करून ओसरीच्या दुसऱ्या टोंकाला बसलेल्या आपल्या आजीस दुरून दाखविलें व विचारलें, "काय दिसतें ?" ती म्हणाली, "ठिगळांची गोधडी दिसते रे !" ही परीक्षा फुकट होते आणि तिच्याइतकी खरी दुसरी नाहीं. ज्यांना खेळ ठाऊक आहे त्यांचें मत येथें निरुपयोगी. त्यांच्या डोळ्यांना चित्रांत नसलेलेंही दिसतें.

मला या कलेंतील ज्ञान नाहीं. परंतु ग्रंथारंभीं सांगावयाचें अनुबंधचतुष्टय जन्मभर मुलांना शिकविलें. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हीं चार जेथें स्पष्ट होतात, तेथें वाचक ग्रंथ हातीं धरतो. मुखचित्रालाही हेंच लावून पहावें. हा खेळ कशाविषयीं आहे, तो खेळून कोणता रस मिळेल, चित्राचा आंतील वस्तूशीं खरा संबंध आहे काय, आणि हें कोणासाठीं आहे ?

'फायरवॉच' या २०१६ सालच्या स्वतंत्र खेळाचें उदाहरण घ्या. १९८९ सालीं वायोमिंगच्या अरण्यांत वणव्यावर पहारा करणाऱ्या एका एकाकी माणसाची ती कथा. ऑली मॉस या चित्रकारानें तिच्यासाठीं नारिंगी छटांचे थर एकामागें एक रचले. अमेरिकन राष्ट्रीय उद्यानांच्या १९३० नंतरच्या दशकांतील जाहिरातचित्रांचा संस्कार त्यांवर आहे. अरण्य, सांज आणि पहाऱ्याचा मनोरा, एवढ्यानेंच विषयही कळतो आणि एकांताचा भावही. शिवाय खेळांतही तोच रंग भेटतो. आपल्या पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स' या मंडळींनीं २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा. उत्तम पदार्पणाच्या वर्गांत त्याला त्याच वर्षीं जागतिक पारितोषिकाचें नामांकन मिळालें. त्या खेळांत असुरांशीं युद्धें आहेत, तेव्हां त्याच्या नायिकेच्या हातीं शस्त्र शोभतें.

उलट उदाहरण मोठ्या कंपनीचें आहे. २००१ सालच्या 'इको' या खेळासाठीं जपान व युरोपांत त्याचा कर्ता फुमितो उएदा यानें, किरिको या इटालियन चित्रकाराच्या छायेंत, स्वतः चित्र काढलें : अवाढव्य कमानी, लांब सावल्या आणि हात धरून पळणारीं दोन इवलीं मुलें. अमेरिकेंत मात्र निराळें, ठराविक थाटाचें चित्र छापलें. रसिक आजही त्याची थट्टा करतात. पहिल्या चित्रांत ध्वनि आहे, दुसऱ्यांत नुसती दवंडी.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. नांव ठळक असावें. अगदीं लहान चित्रांत नांवानेंच बहुतेक जागा व्यापावी असें त्या दुकानाचेंच सांगणें आहे. मीं मोठ्या प्रेमानें एक दहा अक्षरी सामासिक नांव सुचविलें होतें. लहान केल्यावर त्याची मुंग्यांची रांग झाली, आणि मीं तें मुकाट्यानें मागें घेतलें. दुसरें, चित्रांत एकच मुख्य आकृति असावी व तिची बाह्यरेषा काळी भरली तरी ओळखूं यावी. तिसरें, रंग काढून केवळ छायाप्रकाशांत चित्र पहावें. तेथें आकृति बुडाली तर रंग तिला तारणार नाहींत. दुकानाची भिंत गडद निळी आहे, म्हणून गडद कडांचें चित्र तींत विरून जातें. चौथें, आडवें, उभें, अरुंद अशा निरनिराळ्या चौकटी भराव्या लागतात. एकच चित्र कात्रीनें कापून सर्वत्र बसवूं नये, प्रत्येक चौकटीसाठीं मांडणी नव्यानें करावी. पांचवें, १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमनें मुखचित्रावर पारितोषिकें, स्तुतिवचनें व सवलतीचे आंकडे लिहिण्यास बंदी केली आहे. ही बंदी मला हितकर वाटते. प्रशस्तिपत्रें गळ्यांत अडकवून फिरणाऱ्याचा चेहरा कोणी पाहत नाहीं.

येथवर एकमत होतें. वाद पेटला तो पुढें. एका जाणत्या स्नेह्यानें मुलास सांगितलें, "त्या मुलीच्या हातीं कट्यार दे, शस्त्र दिसलें कीं गिऱ्हाईक थांबतें." खेळांत कट्यार मुळींच नाहीं. मुलाचे वडील, म्हणजे माझे पुतणे, यांनाही तें पटलें. "अण्णा, घराचे हप्ते आहेत, साठविलेलें संपत आलें आहे, एका कट्यारीनें कोणाचें काय बिघडतें?" असें ते म्हणाले. त्यांची काळजी खोटी नव्हती. पोरगा तीन दिवस कोणाशीं धड बोलला नाहीं.

शेवटीं त्यानेंच मला एक नियम दाखविला. त्या दुकानांत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास परत करून पैसे मागतां येतात. कट्यार पाहून आलेला मनुष्य युद्ध शोधील, तें न मिळतां तासाभरांत परत जाईल, आणि जातांना चार कडवट शब्द लिहून ठेवील. शिवाय पत्रें पोंचविणाऱ्या मुलीची कथा ज्याला आवडली असती, तो मनुष्य कट्यार पाहून आधींच पुढें निघून गेलेला असेल. पुतण्यांनीं हें सर्व ऐकून घेतलें व "तुझा खेळ, तुझा निर्णय," एवढेंच म्हटलें. त्यांच्या तोंडून हें निघणें सोपें नव्हतें.

नवीन चित्रांत काळोख्या खाडींत एक होडी आहे, होडींत कंदील आहे, आणि कंदिलाच्या पिवळ्या उजेडांत मुलीच्या हातांतील पाकीट तेवढें पांढरें दिसतें. वर दोन अक्षरी नांव. पुन्हां तें लहान करून ओसरीवरून आजीस दाखविलें. तिनें डोळे बारीक केले आणि म्हणाली, "पोर रात्रीची कोणाचें पत्र घेऊन निघाली आहे ?"

खेळ दुकानांत मांडावयास अजून दोन महिने आहेत. तो किती खपेल हें सांगतां येत नाहीं. पुतण्यांनीं तें चित्र मोठें छापून घेऊन माजघरांत लावलें आहे.