काळ्या खिडकींतील कारकून

जालना जिल्ह्यांत अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांत मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. माल बाजारांत गेला कीं घरीं एकच प्रश्न उरतो : वजन, भाव, हमाली आणि तोलाई यांचा मेळ घालून हातीं किती रक्कम पडावयाची? हा हिशेब संगणकाच्या पडद्यावर कोणासही विचारतां यावा, अशी सोय घरच्या घरीं करतां येते. वेब-अ‍ॅप या भारदस्त नांवाखालीं आरंभीं एवढेंच असतें.

वेब-अ‍ॅप म्हणजे एका ठराविक पत्त्यावर बसलेला कारकून. त्याच्याकडे चिठ्ठी येते, तो उत्तर लिहून देतो आणि पुढील चिठ्ठीची वाट पाहत बसतो. चिठ्ठ्यांची ने-आण करणारा तो ब्राउझर. या देवघेवीची रीत टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत १९८९ ते १९९१ या काळांत घालून दिली.

कारकुनाची नेमणूक टर्मिनल नांवाच्या काळ्या खिडकींतून होते. तेथें चित्रें नाहींत, बटनें नाहींत. जें हवें तें रोमन अक्षरांत टंकून सांगावयाचें. नवख्याला ती भयाण वाटते, परंतु कोणत्या शब्दानें काय घडलें हें येथें जितकें उघड दिसतें तितकें अन्यत्र दिसत नाहीं. प्रथम ‘एमकेडीआयआर’ या आज्ञेनें मोसंबी नांवाचा फोल्डर करावा व ‘सीडी’नें त्यांत शिरावें. मग पायथन भाषेच्या ‘वेन्व’ या सोयीनें या कामापुरतें स्वतंत्र दप्तर उघडून तें चालू करावें, म्हणजे एका कामाचें साहित्य दुसऱ्यांत मिसळत नाहीं. ‘पिप इन्स्टॉल फ्लास्क’ म्हटलें कीं फ्लास्क हें साधन इंटरनेटवरून दाखल होतें. त्याचा उगम आर्मिन रोनाखर यांच्या २०१० सालच्या एप्रिल फूलच्या थट्टेंत आहे; थट्टा लोकांस आवडली आणि तिचें खरें साधन झालें.

आतां ‘अ‍ॅप.पीवाय’ या फाइलींत चार-सहा ओळी लिहावयाच्या : अमुक पत्त्यावर चिठ्ठी आली तर अमुक उत्तर द्यावें. पहिलें उत्तर केवळ ‘राम राम’ असावें. हिशेबाची घाई नको. ‘फ्लास्क रन’ म्हणतांच कारकून १२७.०.०.१ या पत्त्यावर, ५००० क्रमांकाच्या दारीं बसतो. प्रत्येक चिठ्ठीची नोंद खिडकींत उमटते : २०० म्हणजे काम झालें, ४०४ म्हणजे असा पत्ता नाहीं, ५०० म्हणजे कारकुनाचेंच कांहीं बिनसलें.

खरी मेख पुढें आहे. चौकटींत भरलेला आकडा कारकुनाकडे आकडा म्हणून पोंचत नाहीं, अक्षरें म्हणून पोंचतो. समजा, १२.५ क्विंटल माल, भाव क्विंटलला ३००० रुपये, हमाली २५० व तोलाई १००. अक्षरांना अक्षरांनीं गुणावयास सांगितलें तर पायथन साफ नकार देते. हा नकार उपकारक होय. बेरजेंत मात्र ती बिनतक्रार अक्षरें जोडते : २५० आणि १०० मिळून २५०१००! हें जोडलेलें अक्षर मागाहून आकडा करून ३७,५०० मधून वजा केलें, तर बागाईतदाराच्याच माथीं २,१२,६०० रुपयांचें देणें बसतें; वास्तविक त्याचें येणें ३७,१५० आहे. शिवाय हमाली शून्य धरून कोणी पडताळा पाहिला, तर ० आणि १०० जोडून ०१०० होतात, उत्तर बरोबर येतें आणि चूक झांकली जाते. म्हणून पडताळा खऱ्या पावतीवरील आकड्यांनींच घ्यावा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक रक्कम दारांतच ‘फ्लोट’ या क्रियेनें आकड्यांत बदलून घ्यावी. ‘इंट’ येथें पुरत नाहीं, कारण तें १२.५ मधील दशांशचिन्ह नाकारतें. मौजेची गोष्ट अशी कीं, साध्या मजकुराच्या चौकटींत देवनागरी आकडे भरले तरी पायथन ते मुकाट्यानें वाचते. स्वल्पविराम मात्र दोघांसही चालत नाहीं. ३,००० लिहिणाऱ्यासाठीं तो आधीं काढून टाकण्याची ओळ घालावी लागते.

१२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ ‘हेंच यंत्र’ असा आहे, त्यामुळें हा हिशेब शेजारच्यालाही दिसत नाहीं. गांवाला दाखवावयाचा तर दुसरी, भक्कम व्यवस्था हवी. हा चालक केवळ घडणीपुरता आहे, असा इशारा फ्लास्क स्वतःच खिडकींत देतें. कंट्रोल व सी या कळा एकदम दाबल्या कीं कारकून उठून जातो, आणि तोच पत्ता पुन्हां मागितल्यास ब्राउझर संपर्क होत नाहीं असें कळवितो.