भाकरीतलं रहाटगाडगं

स्वच्छ दुपारी रनाळ्याच्या शिवारात एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॉट ऊन ओततं. ज्वारी हंगामभर ते पिते, तरी शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा भागच धाटात आणि कणसात उतरतो. तेवढाही थोडा नाही. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 350 किलोकॅलरी असतात. त्यावर 40 वॉटचा दिवा 10 तास जळेल.

पण भाकरीतली ही ऊर्जा स्नायूंना थेट वापरता येत नाही. पेशी ती आधी एटीपी नावाच्या रेणूत भरतात. हा रेणू 1929 साली उजेडात आला: जर्मनीत कार्ल लोमान यांच्या आणि अमेरिकेत सायरस फिस्के व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या कामातून.

60 किलोच्या माणसाच्या अंगात कोणत्याही क्षणी एटीपी पाव किलोच्या आतच असतं. दिवसभरात मात्र तो जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो. हे जमतं कसं? विहिरीवरच्या रहाटासारखं. गाडगी मोजकीच, पण रिकामी झाली की पुन्हा भरून वर. एकेक रेणू दिवसाला शेकडो वेळा रिता होतो आणि भरतो.

आणि हा रहाट नुसता उपमेतला नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियांच्या पडद्यात एक प्रथिन खरोखर गरगर फिरतं. रुंदी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी, वेग सेकंदाला शंभरावर फेरे, आणि दर फेऱ्याला तीन एटीपी. त्याचं कार्य उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 चं नोबेल मिळालं. त्याला फिरवणारा विद्युतदाब जेमतेम 0.15 व्होल्ट. पण पडदा इतका पातळ, की मीटरच्या हिशेबात तो 3 कोटी व्होल्ट होतो. हवेत ठिणगी पडायला याचा दहावा भागही पुरतो.

म्हणूनच वजनाला वजन लावलं, तर शेतात निंदणी करणारी बाई सूर्यापेक्षा हजारो पटींनी जास्त ऊर्जा मोकळी करते. सूर्य मोठा आहे म्हणून तळपतो. त्याच्या किलोभर वजनातून वॉटचा पाच हजारावा भागच निघतो.

या रहाटाला विसावा नाही. भरणं थांबलं, तर अंगातलं सारं एटीपी काही मिनिटांत संपेल. श्वास तुटला की माणूस इतक्या लवकर जातो, त्याचं कारण हेच.