डीएसएलआरवर पहिला व्हिडिओ करताय? हे वाचून घ्या 🎥

घरातला डीएसएलआर फक्त बारसं-लग्नालाच कपाटाबाहेर येतो? मग त्यावर व्हिडिओ करून बघा! २००८ साली निकॉन डी९० आला आणि डीएसएलआर व्हिडिओही टिपू लागला.

माझा पहिला प्रयोग म्हणजे आईची पुरणपोळी. पोळी झकास झाली, पण व्हिडिओत ट्यूबलाइटमुळे पट्ट्या सरकत होत्या! आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा मेळ त्याच्याशी बसवावा लागतो.

👉 मोड मॅन्युअल, फ्रेम रेट २५, शटर १/५०. पट्ट्या गायब आणि हालचालही नैसर्गिक.

👉 उन्हात चित्र पांढरंफटक पडलं तर शटर वाढवू नका. आयएसओ १०० वर आणा, अ‍ॅपर्चर लहान करा, तरी जमेना तर लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

👉 व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, नाहीतर मध्येच रंग बदलतो.

👉 कॅमेऱ्याचा माइक लेन्सच्या मोटरची कुरकुरही टिपतो. बोलणाऱ्याच्या खिशात मोबाइल ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगला आवाज आणि चित्र जुळवणं सोपं जातं.

👉 ट्रायपॉड नसेल तर डब्यावर कॅमेरा ठेवा, पण हलवू नका. प्रत्येक शॉट किमान १० सेकंद घ्या.

या रविवारी घरातलंच एखादं काम निवडा, पाच-सहा शॉट घ्या आणि एका मिनिटाचा व्हिडिओ जोडा. पहिला फसेल, फसू द्या. पोळी तरी पहिली कुठे गोल होते? 😄