जठराची दुर्बीण तपासणी : भीती नको, विलंबही नको

डाळज-भिगवण परिसरात शेतात राबणारी माणसे पोटातील जळजळीवर खायचा सोडा घेतात आणि अंगदुखीवर उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या. या गोळ्यांमुळेच पुष्कळदा जठरात व्रण होतो. दुसरे प्रमुख कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. त्याच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अन्ननलिका, जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग प्रत्यक्ष पाहण्यासाठी एन्डोस्कोपी करतात. त्यापूर्वी 6 ते 8 तास उपाशी राहावे लागते. घसा बधिर करून कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडावाटे आत सोडतात; श्वासमार्ग मोकळाच राहतो. साधारण 5 ते 10 मिनिटांत तपासणी आटोपते. आवश्यक वाटल्यास सूक्ष्म तुकडा काढून जंतू अथवा कर्करोग आहे का, हे तपासतात.

डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, अकारण घटणारे वजन ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

औषध घेतल्याने ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास मोडत नाही. आजाऱ्यांना तर तो बंधनकारकही नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास शिकवितो. म्हणून प्रार्थनाही करावी आणि उपचारही घ्यावेत.