टेप बदलणाऱ्या हाताला हुकूम कोण देतं?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरींची माहिती दीर्घकाळासाठी चुंबकीय टेपवर साठवतात. कप्प्यांत रचलेल्या हजारो कार्ट्रिजमधून हवी ती उचलून ड्राइव्हमध्ये घालण्याचं काम यंत्रमानवी हात करतो. एका एलटीओ-९ कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी टेप ड्राइव्ह आणि हा हात ही दोन वेगळी उपकरणं. संगणकाला उपकरणं जोडण्याच्या स्कझी प्रमाणकात टेप ड्राइव्हचा प्रकार-क्रमांक १, तर माध्यम बदलणाऱ्या यंत्राचा ८. हा ८ दिसला की लिनक्समध्ये ‘सीएच’ हा ड्रायव्हर त्याचा ताबा घेऊ शकतो.

या ड्रायव्हरला हाताची लांबी किंवा मोटारीचा वेग ठाऊक नसतो. त्याला दिसतात चारच प्रकारच्या जागा : कप्पा, ड्राइव्ह, खुद्द हात आणि कार्ट्रिज आत-बाहेर करण्याची खिडकी. प्रत्येक जागेला पत्ता असतो. ‘या पत्त्यावरचं कार्ट्रिज त्या पत्त्यावर ने’ एवढी आज्ञा पुरते. हालचालीचं गणित यंत्रातलं फर्मवेअर करतं. म्हणूनच आठ कप्प्यांची पेटी असो वा हजारो कप्प्यांचं दालन, ड्रायव्हर तोच चालतो.

कार्ट्रिजवरचा बारकोड तो कळवू शकतो, आतली माहिती नाही. ती नोंद बॅकअप सॉफ्टवेअर ठेवतं. कोणता ड्राइव्ह कोणत्या पत्त्यावर बसला आहे, हेही त्यालाच अनुक्रमांक ताडून जुळवावं लागतं. ही जुळणी चुकली, तर टेप एका ड्राइव्हमध्ये जाते आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याची वाट पाहत बसतं.