दख्खनचा वसंत आणि प्राथमिक वर्ग

महाराष्ट्राच्या शालेय वर्षात वसंत अडचणीच्या वेळी येतो. जूनमध्ये सुरू झालेले वर्ष फाल्गुन उजाडेपर्यंत सरत आलेले असते आणि शिक्षकांचे सारे लक्ष उजळणीकडे व वार्षिक परीक्षेकडे लागलेले असते, त्यामुळे या ऋतूच्या वाट्याला बहुधा कागदी फुलांनी सजवलेला एखादा फलक आणि सहा ऋतूंच्या नावांचे पाठांतर एवढेच येते. ही मोठीच हानी आहे, कारण पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे या तीन गोष्टी लहान मुलांना शिकवायच्या असतील तर शाळेच्या आवारातील झाडे डोळ्यांदेखत बदलत असतात तो हाच काळ सर्वांत सोयीचा ठरतो.

त्यासाठी प्रथम आपला वसंत कसा आहे हे नीट लक्षात घ्यावे लागते. बर्फ वितळल्यावर ओलसर जमिनीतून कोंब फुटतात तो वसंत थंड प्रदेशांचा. दख्खनचा वसंत कोरडा असतो. पाऊस अजून दोन-अडीच महिने दूर असतो आणि ऊन रोज चढत असते, तरीही पिंपळ, करंज आणि कोशिंब कोवळ्या पालवीने भरून जातात. पाणी नसताना पाने कशी फुटतात, हा प्रश्न तिसरीचे मूल सहज विचारू शकते आणि वसंताचे सारे वर्गकार्य त्याभोवती उभारता येते. पानांतील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस झाड पाने गाळते तेव्हा हा खर्च थांबतो, खोडात पाणी पुन्हा साठते, खोल गेलेली मुळे खालच्या थरांतील ओल शोषत राहतात आणि वाढत्या दिवसमानाबरोबर अनेक झाडे नवी पाने काढतात, जी पहिला पाऊस येईपर्यंत पूर्ण कामाला लागलेली असतात. बाष्पोच्छ्वास मुलांना दाखवणेही अवघड नाही. सकाळी पानांनी भरलेल्या एका फांदीवर आणि निष्पर्ण फांदीवर पारदर्शक पिशवी बांधली, तर शाळा सुटेपर्यंत पहिल्या पिशवीत पाण्याचे थेंब जमलेले दिसतात आणि दुसरी जवळजवळ कोरडीच राहते.

सर्वांत फलदायी उपक्रम मात्र संथ आहे. वर्गाने आवारातील किंवा शाळेच्या वाटेवरील एकच झाड निवडावे आणि माघापासून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी त्याच्यापाशी जाऊन कोवळी पाने, जून पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे आणि पिकलेली फळे या प्रत्येकासमोर ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ यांपैकी एक शब्द लिहावा. ‘सीझनवॉच’ या भारतीय लोकसहभागाच्या प्रकल्पात देशभरातील शाळकरी मुले साधारण याच पद्धतीने नोंदी करतात. पालवी, बहर, पक्ष्यांचे आगमन अशा दरवर्षी घडणाऱ्या घटनांच्या वेळांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला फिनॉलॉजी म्हणतात, आणि तिचे बळ साध्या, पण न चुकता केलेल्या नोंदींत आहे: जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात आणि हवामान कसे बदलले हे शास्त्रज्ञ आज त्यांवरून ताडून पाहतात.

झाड पळसाचे असेल तर वर्ग भाग्यवान म्हणावा. पळसाला पाने तीनच, ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. पण फाल्गुनात पळसावर एकही पान नसते, म्हणून ती पडताळण्यासाठी पालवी फुटेपर्यंत थांबावे लागते आणि तेव्हा कळते की ती तीन पाने म्हणजे एकाच संयुक्त पानाची तीन दले आहेत. तोवर फुलांवर कोण येते हे पाहावे. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या लालभडक फुलांत मधुरस भरपूर असल्याने साळुंकी, बुलबुल, कावळे, शिंजीर आणि खारी सकाळी तेथे गर्दी करतात. दहा मिनिटांत कोण किती वेळा आले याच्या रेघा ओढल्या की गणिताच्या तासाचा चित्रालेख आपोआप तयार होतो. जमिनीवर गळालेली पळसफुले पाण्यात उकळून होळीचा केशरी रंगही करता येतो, मात्र फुले झाडावरून तोडू नयेत.

आकाशाकडे नेणारा एक उपक्रम २० मार्चच्या सुमारास करता येतो. या दिवशी वसंतसंपात असतो, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात आणि सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. सपाट अंगणात जमिनीवर एक मीटर राहील अशी काठी सरळ रोवून दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, तर इतर ऋतूंत वक्र दिसणारी ती खुणांची ओळ या दिवशी पूर्व-पश्चिम सरळ रेषेत येते. शाळा सकाळची झाली असली तरी अडत नाही, कारण काठीच्या पायथ्यापासून त्या रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर हीच मध्यान्हीच्या सावलीची लांबी असते. ती कोल्हापुरात सुमारे ३० सेंटीमीटर, पुण्यात ३३ ते ३४ आणि नागपुरात सुमारे ३९ सेंटीमीटर भरते; दूरच्या दोन शाळांनी आपापली मापे पत्राने कळवली, तर एकाच दिवशी सावल्या वेगळ्या का, या प्रश्नातून पृथ्वीच्या गोलाकाराची चर्चा सुरू होऊ शकते.

या कशालाही खर्च लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच शिक्षणाची साधने बनवले होते, आणि वसंतात असे साहित्य दारातच पडलेले असते. खरी अडचण सुट्टीची आहे: पळसाच्या टोकाशी एकच बी असलेल्या चपट्या शेंगा मे महिन्याच्या आसपास वाळून गळतात, तेव्हा शाळा बंद असते. शाळेजवळ राहणाऱ्या दोघा-तिघा मुलांकडे त्या आठवड्यांची नोंद सोपवावी, आणि वही परीक्षेबरोबर मिटवून न ठेवता जूनमध्ये नव्या तिसरीच्या हाती द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी पहिले फूल लवकर आले की उशिरा, हे त्या मुलांना मागच्या पानांवरून सांगता येईल.